मांडावरचा मेजर

साखळी,
८ जानेवारी १९९०

ती. देवकीताईस सगुणचा पाया पडून नमस्कार.

तुझं दिवाळीतलं पत्र अजून माझ्या उशाखाली आहे आणि आता संक्रांत आली. उत्तर लिहायचं टाळत होतो असं म्हण, मी नाही म्हणणार नाही. पण ऐकून तरी घे. पहिल्यांदा बसलो तर पेनात शाई नाही. शाई आणायला बाजारात गेलो तर तिथं वाळपईकडचे लोक मध विकत होते. एवढा मध येतो कुठून असं विचारलं, तर म्हणाले, चल दाखवतो. त्यांच्याच टेंपोत बसून गेलो. दोन दिवस रानात काढले, गालावर एक माशी चावली, परत आलो तेव्हा मध आणला आणि शाई विसरलो. हे पत्र शेजारच्या दुकानदाराच्या पेनानं लिहितोय आणि तो समोर हात पुढे करून बसलाय.

तर खुशाली. ट्रकावरची क्लिनरकी मी सोडली. दिवसभर लाल धूळ खायची आणि ड्रायव्हरच्या शिव्या, यात माझं मन रमेना. आता खाणीच्या मोठ्या सायबांकडे आहे. माझ्या हाताखाली चार जण. सकाळ-संध्याकाळ त्यांना मैदानावर न्यायचं, वळण लावायचं, कोणी कोणाच्या अंगावर गेला तर मध्ये पडायचं. जबाबदारीचं काम आहे. माझ्या आईला पत्र लिहिशील तेव्हा हे नीट कळव, ती चार घरी सांगेल.

बोलायला आपली मालवणी, इथल्या मित्रांत कोंकणी, सायबांशी मोडकं हिंदी, आणि पत्राला मात्र शाळेतली मराठी. आठवीपर्यंत शिकलो तेवढ्यात भागवतोय, चुकलं तर सुधारून वाच.

शिगम्याला मी तुझ्याकडे पेडण्याला येणार म्हणजे येणार. तुझ्या सासऱ्यांचा ढोल ऐकल्याशिवाय मला शिगमो झाल्यासारखं वाटत नाही. आबा आता चालतात ना? पावसाळ्यात त्यांना लकवा आला तेव्हा मी बघायला आलो होतो. रोज सपाटीवर चालवा, नाहीतर पाय जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तुमच्या अख्ख्या वाड्यात सपाटी म्हणजे तो एक शिगम्याचा मांड, बाकी सगळ्या पायऱ्या आणि उतरण. नेतेस ना त्यांना मांडावर?

दुकानदार पेन मागतोय.

तुझा मावसभाऊ,
सगुण

*

पेडणे,
१९ जानेवारी १९९०

चि. सगुणास आशीर्वाद.

पत्र मिळालं. मध मिळाला नाही. हाताखाली चार जण आले हे वाचून आनंद झाला, तू स्वतः कोणाच्या हाताखाली कधी टिकला नाहीस म्हणून थोडं नवलही वाटलं. मावशीला कळवलं आहे.

आबांचं विचारलंस. कोणी विचारलं की ते स्वतः सांगतात, "बरो आसंय. थंडी बाधता म्हणून भायर जाणंय नाय." पेडण्याला एवढी थंडी कधी पडली होती ते तूच आठवून बघ. खरं ते मी लिहिते.

आमच्या वरच्या अंगाला कृष्णनाथ राहतात, खाणीवर तीन ट्रक चालतात त्यांचे, ते तुला माहीत आहेत. त्यांनी गणपतीनंतर एक कुत्रा आणला. अल्सेशियन की काय म्हणतात तो, वासराएवढा. नाव ठेवलं मेजर. दिवसभर त्याला मागच्या पडवीत साखळीनं बांधतात आणि संध्याकाळी मांडावर मोकळा सोडून स्वतः कट्ट्यावर बसून विडी ओढतात. तो पोदेराच्या सायकलीमागे लागला, पावाची पाटी उलटली. प्राथमिक शाळेच्या बाईंना त्यानं देवळाच्या पायरीवर अडवून धरलं, दिवाबत्ती होईपर्यंत. कोणीही ओरडलं की कृष्णनाथ बसल्या जागेवरून सांगतात, "भियां नका, तो काय करणा नाय." त्यांची बायको पद्मावती मला विहिरीवर म्हणाली, "गे देवकी, माझ्या घरात असे दोघे असत, काय एक न करणारे."

आम्ही हसलो खऱ्या. पण डिसेंबरात आबा मांडावर चालत होते. तीन फेऱ्या करायचे, चवथी माझ्याशी भांडून करायचे. मेजर पाठीमागून आला आणि त्यांच्या खांद्यावर दोन्ही पाय टाकले. चावला नाही. पण आबा तोंडावर पडले, लोकांच्या देखत, आणि आपणहून उठता येईना. कृष्णनाथ धावत आले, उठवलं, पंचा झाडून दिला आणि तेच म्हणाले, तो काय करणा नाय, खेळता तो.

त्या दिवसापासून आबा घराबाहेर पडले नाहीत. जनेलाकडे बसून बाहेर बघतात. डावा पाय पुन्हा आखडायला लागला आहे. परवा तालीम सुरू करायची म्हणून ढोल उतरवायला लोक आले, तर म्हणाले, "औंदा माका धरू नका." चाळीस वर्षांत असं कधी म्हणाले नव्हते.

हे शनिवारी पणजीहून येतात. म्हणतात, अर्ज करू. पण कृष्णनाथांना तोंडावर बोलायला कोणी तयार नाही, यांच्यासकट. सगळ्या वाड्यात टेलिफोन तेवढा त्यांच्याकडे. कोणाचा मुलगा मुंबईला, कोणाचा जावई कुवेतला, फोन आला की कृष्णनाथच हाक मारतात. शिगम्याचा देखावाही त्यांच्याच ट्रकावर निघतो. गोवा राज्य झालं त्याला आता तीन वर्षं होतील, आमच्या मांडावर मात्र मेजरचं राज्य आहे.

तुला काही सुचत असेल तर कळव. टाळू नकोस.

देवकीताई

*

साखळी,
२७ जानेवारी १९९०

ती. ताईस नमस्कार.

बघ, यावेळी लगेच लिहितोय. पेनही माझं आहे.

आबांचं वाचून जेवण गेलं नाही. आता ऐक. साखळीत हल्ली घरोघरी दारात निळीच्या पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवतात. कुत्रं ते निळं बघतं आणि लांबूनच फिरतं म्हणे. तू मांडाच्या कडेनं दहा-बारा बाटल्या मांडून टाक.

दुसरं सांगतो, हे जरा बघून शिकलेलं आहे. आमच्या इथं कंपनीच्या मैदानावर संध्याकाळी सायबलोकांची कुत्री येतात. कुत्र्यांची जत्राच म्हण. मी सहज तिथून जाता-येता बघतो. तर चावरं कुत्रं कुठलं ते कुत्र्याकडे बघून कळत नाही, मालकाकडे बघून कळतं. एका बँकेच्या सायबांची बाई आहे, तिचं पांढरं केसाळ कुत्रं कोणाच्याही पोटरीला धरतं आणि ती म्हणते, "त्याला तुम्ही आवडलात." एक डॉक्टर आहेत, ते कुत्रं सोडून देऊन झाडाखाली पेपर वाचतात. त्यांच्या कुत्र्यानं माझी, म्हणजे तिथल्या एका माणसाची, पँट फाडली तेव्हा पेपर खाली न घेता म्हणाले, जुनी होती ना? आणि एक म्हातारे पाद्री येतात, त्यांचं कुत्रं सगळ्यांत मोठं, पण दोरी सदा हातात, कोणी समोरून आलं की स्वतः बाजूला होऊन उभे राहतात. त्या कुत्र्याला मी आजवर भुंकताना ऐकलं नाही.

मेजर दिवसभर बांधलेला असतो असं तू लिहिलंस. मग काय होणार? तुला दिवसभर शिवणयंत्राला बांधून संध्याकाळी सोडलं तर तू पण पोदेराच्या मागे लागशील. माझं म्हणणं, कुत्र्याला शिकवायचं नाही, दोरी कृष्णनाथांच्या हातात द्यायची. त्यांना एकदा ओढत नेलं मांडावरून की कळेल काय करणा नाय ते.

पण त्यांना हे सांगणार कोण? माणसाचं ते ऐकणार नाहीत. देवच सांगेल तर.

आबांना सांग, सगुण म्हणाला ढोल दुसऱ्याला देऊ नका. मधल्या काळात मी एकदा पणजीला जाऊन आलो, तिथं मांडवीच्या काठाला एक माणूस आरशाच्या तुकड्यांनी घड्याळं बनवतो, त्याचं सगळं सांगायचं होतं, पण कागद संपला.

सगुण

*

पेडणे,
१३ फेब्रुवारी १९९०

चि. सगुणास आशीर्वाद.

आधी बाटल्यांचं. मांडाच्या कडेनं बारा बाटल्या ठेवल्या. मेजर आला, पहिल्या बाटलीचा वास घेतला आणि तिच्यावरच पाय वर केला. मग एकेक करत सगळ्या. आबा जनेलातून बघत होते. म्हणाले, "त्या निळीत माझे पंचे तरी बुडवा, पांढरे होतले."

पण तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. देवच सांगेल तर. बाबा रे, मग देवालाच सांगितलं.

गेल्या शनिवारी जत्रा होती. आमच्याकडे जत्रेला गाऱ्हाणं असतं, तुला माहीत आहे. गोपाळ गावकर देवापुढं नारळ धरून सगळ्या गावाचं मागणं मागतात, आणि लोक दर वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. मी आदल्या दिवशी नारळ घेऊन गोपाळभाऊंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नारळ हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "घालतंय. पण नाव घेऊचंय नाय. देवाक नाव लागणा नाय."

आता तू डोळ्यांपुढे आण. देवळाचा चौक भरलेला. मानकरी म्हणून कृष्णनाथ पहिल्या रांगेत, नवा सदरा, आणि त्यांचा आवाज म्हणजे ट्रकाचा हॉर्न. त्यांनी व्हय म्हटलं की मागच्यांना म्हणावंच लागतं. गोपाळभाऊंनी सुरुवात केली.

"हे देवा म्हाराजा, सालाबादपरमाण तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. काय चुकला माकला आसात तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"मुंबयक, पणजेक, खाणीर, दर्यापार जे कोण गेले हत, तेंका सुखरूप ठेव."

"व्हय म्हाराजा." यावर कृष्णनाथांचा आवाज आणखी चढला. सगळ्यांचे फोन तेच घेतात ना.

"आणि म्हाराजा, तुझ्या मांडार जो कोण आपला जनावर मोकळा सोडता, तेका बरी बुद्धी दी. नि त्या जनावराची दोरी तेच्याच हातात दी."

"व्हय म्हाराजा," कृष्णनाथ गरजले. एकटेच. त्यांना आपला आवाज एकटाच ऐकू आला, मग त्यांनी मान वळवून मागे बघितलं, मग देवाकडे बघितलं, मग गोपाळभाऊंकडे. गोपाळभाऊंनी डोळेच मिटले होते. पद्मावती माझ्या खांद्यात तोंड घालून हलत होती, मला वाटलं रडते की काय, तर हसत होती. तेवढ्यात मागून सगळा चौक एका सुरात म्हणाला, व्हय म्हाराजा. आणि नारळ फुटला.

देवापुढं व्हय म्हटलेलं मागे कसं घेणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृष्णनाथ मांडावर आले, मनगटाला दोरी दोन वेढे बांधून, दोरीच्या टोकाला मेजर. "मेजर, कम. मेजर, सिट." मेजरनं आयुष्यात कोणाचं ऐकलेलं नाही. त्यानं पोदेराची घंटी ऐकली आणि निघाला. कृष्णनाथ मागून, एक चप्पल मांडावर, दुसरी तुळशीकडे. शेवटी शेणात बसले. शाळेच्या बाई दगडी गडग्यापलीकडून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भियां नका हां, तो काय करणा नाय."

आबा हसले, सगुण. डिसेंबरापासून पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

पण बाहेर आले नाहीत. मी म्हटलं, आता तर कुत्रा दोरीला आहे, चला. म्हणाले, "दोरी तेच्या हातात खंय आसा? तो दोरयेच्या हातात आसा." आणि पुन्हा जनेलाकडे. पाय रोज थोडा थोडा वाकडा पडतोय. शिगमो एका महिन्यावर आला. मला तीच एक काळजी आहे.

आता तुझं. प्रवीण माहीत आहे ना, आमच्या वाड्यातला, साखळीच्या बसवर कंडक्टर आहे तो. त्यानं तुला पाहिलं. तुझे हाताखालचे चार जणही पाहिले. दोन काळे, एक तांबडा आणि एक कान तुटका. ते चौघं पुढे आणि तू मागे, बसस्टँडापासून मैदानापर्यंत धावत. जुनी पँट कोणाची फाटली तेही मला आता कळलं. मला सांगायला लाज का वाटली? मावशीला मी काही लिहिलेलं नाही. पण कृष्णनाथांना सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "तुझ्या भावाक घेवन ये गे. माझो खांदो निखळलो."

ये म्हणते. नुसतं लिहून भागायचं नाही.

देवकीताई

*

(पोस्टकार्ड)
पेडणे,
२४ फेब्रुवारी १९९०

सगुण,

उत्तर नाही. रागावलास की पुन्हा मध आणायला गेलास?

इकडे एक गंमत चालली आहे. कृष्णनाथ रोज ओढले जातात आणि आबांना ते बघवत नाही. जन्मभर बैल नांगराला जुंपलेला माणूस. पहिले दोन दिवस आतून पुटपुटले. मग जनेलातून ओरडायला लागले, "कृष्णा, आखडती धर. सैल कित्या सोडतस?" कृष्णनाथांना ऐकू येईना, तर परवा दारापर्यंत गेले ओरडायला. काल पायरीवर उभे होते, भिंतीला हात लावून, आणि घसा बसेपर्यंत शिव्या देत होते. मी बोलले तर आत येतील. शिवणयंत्र चालू ठेवलं आणि खाली मान घालून बसले.

दे. ता.

*

साखळी,
५ मार्च १९९०

ती. ताईस नमस्कार.

रागावलो नव्हतो. लाज वाटली. तू आईला सांगितलं नाहीस ते बरं केलंस, पण मी आता स्वतःच सांगेन. ती हसेल, हसू दे. मला हे काम आवडतं. ट्रकावर कोणी मला बघून शेपूट हलवली नव्हती.

तुझ्या मोठ्या पत्राला उत्तर लिहायला रोज बसत होतो. गाऱ्हाण्याचं वाचून मी इतका हसलो की सायबांच्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या. मग त्यांनाही वाचून दाखवलं, त्यांना निम्मं कळलं नाही, तरी त्या हसल्या. मग काय झालं, बँकेच्या बाईंचं ते पांढरं कुत्रं मैदानावरच्या विहिरीत पडलं. चिऱ्याची विहीर, पायऱ्या मोडलेल्या. सगळे काठावर उभे राहून इंग्रजीत बोलत होते. मी दोर बांधून उतरलो, पाद्री आणि पेपरवाले डॉक्टर यांनी वरून धरलं. कुत्रं बाहेर काढताना ते मला तीन ठिकाणी चावलं. बाई म्हणाल्या, त्याला तुम्ही आवडलात. पण दुसऱ्या दिवशी पट्टा आणि दोरी विकत घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, ही कशी धरायची ते दाखवा. इंजेक्शनं चालू आहेत, काळजी करू नकोस.

आता येण्याचं. मला यायचं आहे, ताई. पण सायब उद्या मुंबईला निघाले, पंधरा दिवस यायचे नाहीत, आणि ही चार जनावरं माझ्या गळ्यात. कोणावर टाकून येऊ? तुटक्या कानाचा तर माझ्याशिवाय जेवत नाही. यंदा शिगमो चुकणार असं दिसतंय. पायरीवर आले एवढं वाचून मी चौघांना एकेक पाव जास्त दिला. पण पायरी म्हणजे मांड नव्हे. पायरीच्या खाली किती उतरायचं आहे ते मला माहीत आहे, आणि तू कार्ड लिहिल्याला नऊ दिवस होऊन गेले. पुढचं कार्ड का नाही आलं? पुन्हा आत जाऊन बसले का? तसं असेल तर लपवू नकोस. मी मनात घेतलंय की

थांब जरा. फाटकाकडे हॉर्न वाजतोय. आमचे चौघं एकदम उठलेत, माझं मेज हललं, शाई सांडली, डागाकडे लक्ष देऊ नकोस.

बघून आलो. आता उभ्या उभ्याच लिहितोय, म्हणून अक्षर असं. फाटकात एक ट्रक उभा आहे, लाल धुळीनं भरलेला, पुढं रवळनाथाचं नाव लिहिलेला. स्टिअरिंगवर कृष्णनाथ, एका खांद्याला पट्टी, दुसरा हात मला हलवतायत आणि ओरडतायत, "सगुण, मार्ग दी रे, हेंका उतरूचा आसा." मी म्हटलं, हेंका म्हणजे कोणाक? केबिनचा दुसरा दरवाजा उघडला. मेजरनं आधी खाली बघितलं, मग मागे वळून बघितलं, जसं काही परवानगी मागतोय. आतून कोणीतरी हळू म्हणालं, "सावकाश." मेजर सावकाश उतरला. त्याच्या मागून दोरी आली, आखडती धरलेली. आणि दोरीमागून, एक पाय, मग दुसरा, कोणाचा हात न धरता, आबा.